साडेसहाच्या ड्रेसिंगला जाणारी सायकल

मी सायकल बोलतेय. मानेसरच्या एका सोसायटीत बी विंगच्या जिन्याखाली उभी असते ना, ती निळी. एकवीस गिअर, बारीकशी सीट आणि मागे हे असलं जाडजूड लोखंडी कॅरियर. माझ्या जातीच्या सायकलींना कॅरियर नसतं. मला ते कसं आलं हे सांगायचं तर शुभदाताईंबद्दल सांगावं लागेल, आणि खरं म्हणजे मला त्यांच्याबद्दलच सांगायचंय.

जन्म माझा लुधियान्याचा. गुडगावच्या एका दुकानातून अनिशने मला घरी आणलं, ते लॉकडाऊनमध्ये. अनिश मूळचा पुण्याचा, इथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीचा मॅनेजर. घरात बसून बसून तेव्हा सगळ्यांचीच पोटं सुटली होती. त्याने मला जेमतेम पंधरा दिवस फिरवलं. मग त्याचं ऑफिस सुरू झालं आणि मी नवव्या मजल्याच्या बाल्कनीत गेले.

तिथे चार वर्षं गेली. हँडलवर टॉवेल, सीटवर पायपुसणं, गिअरच्या तारेला मोजे. माझी तशी तक्रार नव्हती, कारण बघायला पुष्कळ होतं. थंडीत सकाळी मोहरीच्या शेतांवर धुकं पसरायचं आणि त्या धुक्यात माणसं चालत चालत नाहीशी व्हायची. ती कुठे जातात? इतक्या गारठ्यात, अंगावर एवढीशी शाल घेऊन? मला फार उत्सुकता होती, पण टायरमध्ये हवा नव्हती.

मग शुभदाताई आल्या. अनिशची आई. पुण्यात सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. अनिशचे बाबा गेले तेव्हा तो त्यांना इकडे घेऊन आला. आल्याच्या आठवड्यात त्यांनी माझ्यावरचा टॉवेल उचलला आणि अंगठ्याने टायर दाबून बघितलं.

"अनिश, हिच्यात हवा नाहीये रे."

"राहू दे आई. देऊनच टाकायचीये ती."

"देऊ नकोस. मी घेते."

चौकातला मिस्त्री त्यांना म्हणाला, "माताजी, इसमें कैरियर नहीं लगता." त्या म्हणाल्या, "लगाओगे तो लगेगा." त्याने डोकं खाजवलं आणि दुपारपर्यंत जुन्या भाजीवाल्याच्या सायकलचं कॅरियर माझ्या पाठीवर ठोकून बसवलं. आधी मला लाज वाटली. पण भाजी, दूध, दळण यायला लागलं, आणि रस्ताही दिसायला लागला.

एका सकाळी दूध आणायला निघालो असताना मला माझ्या प्रश्नाचं थोडं उत्तर मिळालं. हायवेच्या सर्व्हिस रोडवरून आत वळलं की गावात एक धर्मादाय दवाखाना आहे. एक खोली, एक शटर. शटर बंद होतं आणि बाहेर सात-आठ माणसं उभी होती. कुणाच्या बोटाला फडकं, कुणाच्या पंजाला, कुणाच्या मनगटाला. एकजण दातात धरून स्वतःच स्वतःची पट्टी बांधत होता. शुभदाताईंनी मला भिंतीला टेकवलं आणि त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ऐसे नहीं बाँधते. किसने बाँधी थी पहले?"

डॉक्टर नऊला येतात, पण आमची शिफ्ट आठची, असं त्याने सांगितलं. पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या यंत्रात हात सापडतो. सुट्टी मिळत नाही, मग पट्टी आपणच बदलायची.

त्या दिवशी दूध आणायला साडेनऊ वाजले. ताई डॉक्टरांसाठी थांबल्या, आपली माहिती सांगितली आणि शटरची दुसरी किल्ली घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी साडेसहाला तिथे ड्रेसिंग सुरू झालं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "मी फिरायला जाते."

सोसायटीपासून दवाखाना पाच किलोमीटर. शेअर ऑटो सातनंतर मिळतात, म्हणून आम्ही दोघीच. नोव्हेंबर ठीक गेला. डिसेंबरात धुकं खाली उतरलं आणि मला थंडी म्हणजे काय ते कळलं. चेनचं वंगण घट्ट होतं. ब्रेकची तार आखडते. टायरमधली हवा आपोआप कमी झाल्यासारखी वाटते. ताईंचंही तसंच काहीतरी होत असावं, कारण त्या निघण्याआधी माझ्याशेजारी उभ्या राहून बोटं उघडझाप करायच्या. दोन स्वेटर, त्यांच्यामध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी, मोज्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या, माकडटोपी. माझ्या मडगार्डवर त्यांनी लाल रेडियम चिकटवलं होतं आणि कॅरियरला मागे लुकलुकणारा लाल दिवा बांधला होता.

धुक्यात त्या डोळ्यांपेक्षा कानांनी चालवायच्या. मागून ट्रक आला की त्याचा आवाज आधी खालून, रस्त्यातून यायचा. तो मला कळायचा तसा त्यांनाही कळायचा. आम्ही दोघी कडेला व्हायचो.

जानेवारीच्या मध्यावर एका सकाळी माझ्या सीटवर पांढरं काहीतरी दिसलं. पिठासारखं. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "माताजी, आज मत जाइए. पाला पड़ा है."

शुभदाताईंनी इकडेतिकडे पाहिलं. त्या झाडांचा पाला शोधत होत्या. मग त्यांनी सीटवर बोट फिरवलं, बोटाला बारीक बर्फ लागला आणि त्या हसल्या. "अच्छा, ये पाला," म्हणाल्या. पुण्यात जन्म गेला, त्यांनी असं कधी बघितलं नव्हतं. मीही नव्हतं. गवताची पाती साखर भुरभुरल्यासारखी झाली होती. आम्ही दोघी दोन मिनिटं नुसत्या बघत राहिलो. मग सीट पुसून निघालो, कारण लालमुनी यायची होती.

लालमुनी बिहारमधल्या कुठल्याशा गावची, तिशीतली. वर्षअखेरीला तिच्या उजव्या हाताचं मधलं बोट प्रेसमध्ये चेंगरलं होतं. टाके पडले, पण जखमेत पू झाला. बोटाचं टोक काळपट दिसत होतं आणि तिथे हात लावला तरी तिला काहीच कळत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज स्वच्छ ड्रेसिंग झालं तर बोट वाचेल कदाचित. एकही दिवस चुकवू नका. नाहीतर कापावं लागेल.

गावाच्या वळणाआधी पाण्याचा एक पाइप गळायचा. रोज तिथे डबकं असायचं. त्या दिवशी डबकं नव्हतं, रस्ता नुसता चकाकत होता. मला काही कळायच्या आत माझं पुढचं चाक सरकलं. खाली धरायला काहीच नव्हतं. मी आडवी झाले, पुढचं चाक धरणारा चिमटा वाकला आणि ताई डाव्या हातावर पडल्या.

धुक्यात कुणी नव्हतं. त्या काही वेळ तशाच बसून राहिल्या. डावं मनगट मांडीवर घेतलं, बोटं हलवून पाहिली आणि तोंडातून एक श्वास सोडला. घर चार किलोमीटर मागे होतं, दवाखाना एक किलोमीटर पुढे. त्यांनी उजव्या हाताने मला उभं केलं आणि पुढे चालायला लागल्या. माझं चाक ब्रेकला घासत होतं, त्याचा आवाज सगळ्या वाटेवर.

लालमुनी शटरपाशी उभी होती. "दीदी, क्या हुआ?"

"कुछ नहीं. शटर उठाओ मेरे साथ."

एकीचा उजवा हात, एकीचा डावा. शटर वर गेलं. मी दारातच होते, त्यामुळे पुढचं सगळं मला दिसलं. ताईंनी जखम धुतली, लालमुनीने डाव्या हाताने बाटली धरली. ताईंनी गॉज लावला, लालमुनीने तो दाबून धरला. ताईंनी पट्टी गुंडाळली. शेवटी गाठ मारायची वेळ आली तेव्हा एक टोक एकीने ओढलं आणि दुसरं दुसरीने. गाठ जरा तिरकी बसली.

"चलेगा," ताई म्हणाल्या.

मग धुक्यातून एकेकजण यायला लागला. त्या दिवशी आणखी चौघांचं ड्रेसिंग त्या दोघींनी मिळून केलं. लालमुनीची शिफ्ट निघून गेली होती. तिने ते बोलून दाखवलं नाही. सगळं आवरल्यावर तिनेच ताईंच्या फोनवरून अनिशला फोन लावला.

अनिशची गाडी धुक्यातून रांगत रांगत आली. पाच किलोमीटरला त्याला पाऊण तास लागला. तो उतरला तो चिडलेलाच होता.

"आई, तू इथे काय करतेस? फिरायला म्हणून सांगतेस आणि..."

बाकावर डॉक्टरांची वाट बघत बसलेल्या माणसांचे हात त्याला दिसले होते. तो लालमुनीकडे वळला. "किस कंपनी में हो?"

लालमुनीने हात शालीखाली घेतला. "प्रेस शॉप में, साहब," एवढंच म्हणाली.

अनिशने पुन्हा विचारलं नाही. दिवसभर तो प्रेसमधून निघालेलेच भाग हातात घेऊन बघतो, कुठे केसाएवढा ओरखडा आहे का ते शोधतो. त्यामागची बोटं त्याने पहिल्यांदाच बघितली असावीत. मला त्याचा चेहरा नीट वाचता येत नव्हता, पण तो आईची चप्पल शोधायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

मनगटाचं हाड मोडलं होतं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडून चिमटा सरळ होऊन मी जिन्याखाली परत आले, तेव्हा माझ्यासमोरच घरातल्यांची बोलणी झाली.

"बास झालं आता," अनिश म्हणाला. "ही सायकल मी आजच देऊन टाकतो. एकसष्ट वर्षांची आहेस तू."

"प्लास्टर मला आहे, सायकलला नाही."

अनिशची बायको रुचिरा थर्मास घेऊन उभी होती. "पण आई, तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं का?"

रुचिराने अनिशकडे पाहिलं. मग रुचिराच म्हणाली, "त्या बाईचं बोट? उद्या कोण बघणार?"

दोन दिवस अनिशने आईला गाडीने नेलं. तिसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट पडलं की गेटपासून रस्ता दिसेना. गाडी दहा पावलं गेली आणि थांबली. काच खाली करूनही काही दिसत नव्हतं. सव्वासहा होत आले होते.

अनिश गाडीतून उतरला, जिन्याखाली आला आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मग त्याने घरातली एक उशी आणून माझ्या कॅरियरला सुतळीने बांधली.

"बस, आई."

"तुला येईल का रे चालवता? पाच वर्षं झाली."

"सायकल कुणी विसरतं का?"

तो विसरला नव्हता, पण पहिल्या वळणावर आम्ही तिघंही भिंतीवर जाणार होतो. कॅरियर कुरकुरलं आणि टिकलं. ताई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, प्लास्टरचा हात पोटाशी आणि दुसरा हात त्याच्या स्वेटरला धरून. त्या मागून वाट सांगत होत्या.

"आता डावीकडे घे. खड्डा आहे. हां, आता सरळ. मागून ट्रक येतोय, कडेला हो."

"तुला कसं कळतंय? मला तर काहीच ऐकू येत नाहीये."

"थांब जरा."

ट्रक शेजारून गेला. अनिशने माझं हँडल आणखी घट्ट धरलं. हातमोजे पातळ होते त्याचे, गाडीतले. बोटं लाकडासारखी झाली होती, ब्रेक दाबताना मला ते कळत होतं.

"आई, तू रोज हे..." असं म्हणून तो थांबला. काही अंतर गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं, "का पण? मला खरंच कळत नाहीये म्हणून विचारतोय."

मलाही हे कधीपासून विचारायचं होतं.

"तिकडे वॉर्डात पाऊल टाकलं की कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारायचं," त्या म्हणाल्या. "इथे आल्यापासून मी नुसती आई आहे. आई आवडतं रे मला. पण चौतीस वर्षांची सवय आहे. बाबा गेले, घर गेलं, नोकरी आधीच संपली होती. एवढं एक माझ्याजवळ उरलं होतं, ते बाल्कनीत बसून कुणाला देऊ?"

अनिश पेडल मारत राहिला. त्याचा श्वास धुक्यात मिसळत होता.

"पाइपपाशी उतरून चालायचं ना?"

"हो. तिथे घसरतं."

प्लास्टर निघेपर्यंत अनिश रोज त्यांना घेऊन आला. पाइपच्या गळतीसाठी त्याने चार ठिकाणी फोन केले आणि एका रविवारी दोन माणसं येऊन तो दुरुस्त करून गेली. दवाखान्यात तो बाहेर उभा राहायचा. नंतर आत जाऊन बाटल्या धरायला लागला. लालमुनीला त्याने कंपनीचं नाव पुन्हा एकदा विचारलं, या वेळी हळू आवाजात, बाजूला बोलावून. तिने सांगितलं का, हे मला ऐकू आलं नाही. पण त्यानंतर संध्याकाळी जिन्यापाशी तो फोनवर बराच वेळ कुणाशी तरी प्रेसच्या गार्डबद्दल, म्हणजे हात आत जाऊ न देणाऱ्या जाळीबद्दल बोलायचा आणि समोरच्याचं उत्तर ऐकून कपाळ चोळायचा.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ताई पुन्हा एकट्या मला घेऊन निघाल्या. अनिश गेटपर्यंत आला आणि म्हणाला, "पोचलीस की मिस्ड कॉल दे." त्या "बरं" म्हणाल्या.

त्या सकाळी लालमुनीची पट्टी कायमची निघाली. बोटाचं टोक जरा चपटं झालं होतं, नख वेडंवाकडं येत होतं, पण बोट होतं. तिला त्यात काही कळतं का, हे मात्र अजून नक्की नव्हतं. ताईंनी कापसाने बघितलं, टाचणीने बघितलं. लालमुनी मान हलवायची. कळत नाही.

जाताना ती माझ्याजवळून निघाली. वाट अरुंद होती, म्हणून तिने मला जरा बाजूला सारायला उजवा हात पुढे केला. रात्रभरच्या गारठ्याने माझं हँडल बर्फासारखं झालं होतं. तिचं मधलं बोट त्या लोखंडाला लागलं आणि ती थबकली. हात उचलला. पुन्हा ठेवला, नुसतं ते एकच बोट.

"दीदी," ती हळू म्हणाली, "ठंडा है."

ताई दारात आल्या. "आँखें बंद करो. फिर से."

लालमुनीने डोळे मिटले. ताईंनी तिचं बोट आधी आपल्या तळहातावर टेकवलं.

"ये?"

"ये गरम."

मग माझ्या हँडलवर टेकवलं.

"और ये?"

"ठंडा," लालमुनी म्हणाली. तिचे डोळे मिटलेलेच होते आणि त्यातून पाणी येत होतं.

आता ऊन वाढलंय. माझ्या कॅरियरचा डावा दांडा वाकला आहे, मिस्त्री म्हणतो आता तो असाच राहणार. मला चालेल. धुक्यात माणसं कुठे नाहीशी होतात हे मला आता माहीत आहे. पुढच्या हिवाळ्यात तुम्ही गाडीतून जाल, काच पुसाल आणि समोर कुठेतरी खाली एक लाल ठिपका लुकलुकताना दिसेल. तेव्हा हॉर्न नका वाजवू. गाडी जरा हळू घ्या. साडेसहाला शटर उघडायचं असतं.