शिंगावरून पुन्हा बोटावर

मित्रांनो, मी एक जुनं पितळी अंगुस्तान आहे. शिवताना सुई बोटात घुसू नये म्हणून बोटावर चढवतात ती टोपी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मला कुणी काय समजलं ते ऐकाल तर हसाल.

नाशिकच्या एका तांबटाने पत्रा गोल वळवला, सांध्याला डाग दिला आणि माझ्या अंगावर एकेक खळगा हाताने ठोकला. खळगे वेडेवाकडे पडले, पण सुई त्यांत बरोबर अडायची. मखमलाबादच्या चिमणाबाईने मला विकत घेतलं. ती डावखुरी. तिच्या डाव्या बोटावर बसून मी किती गोधड्या शिवल्या त्याची गणती नाही. कौतुक गोधडीचं व्हायचं, माझं नाही. पण काम झालं की चिमणाबाई मला पदराने पुसायची. तेवढं मला पुरे होतं.

एकदा ओसरीवर शेळी गोधडीला तोंड लावायला आली. चिमणाबाई तिला हाकलायला उठली आणि बोटातून काढून मांडीवर ठेवलेला मी चिंध्यांत घरंगळलो. चिंध्यांबरोबर झाडला जाऊन उकिरड्यावर पडलो, तिथून शेणखताच्या गाडीने शेतात गेलो. इकडे घर धुंडाळून झालं. धाकटी जाऊ वत्सलाबाई मला अधूनमधून मागून न्यायची आणि नुकतीच माहेरी जाऊन आली होती. आळ तिच्यावर आला. दोघींचं बोलणं तुटलं, मग चुली वेगळ्या झाल्या, मग शेताची वाटणी. मी पडलो होतो तो तुकडा वत्सलाबाईच्या वाट्याला गेला. हे सगळं मला फार उशिरा कळलं आणि फार वाईट वाटलं.

तीस वर्षांनी, १९९६ साली, वत्सलाबाईची सून छाया झेंडूच्या रोपांसाठी वाफा खणत होती. राख आणि फुटक्या बांगड्यांच्या काचा यांच्यात मी तिला सापडलो.

"शेंबी हाय ही, शिंगाला घालायची," तिचा नवरा भारत म्हणाला. पोळ्याला त्याने मला मेणाने गोऱ्ह्याच्या कोवळ्या शिंगावर बसवलं. वाजतगाजत निघालो तेव्हा मलाही ऐट आली, खोटं कशाला बोलू?

पोळ्याला बैल सगळ्या भाऊबंदांच्या दारी जातात. माणसं बोलत नसली तरी बैलांशी कुणाचं वैर नसतं. गोऱ्हा चिमणाबाईच्या दारात थांबला. कुंकू लावताना तिचा हात मला लागला आणि तिथेच राहिला.

"ही शेंबी नाय. माझं अंगुस्तान हाय. कुठं गावलं?"

"आमच्या वाफ्यात," भारत म्हणाला.

"म्हंजे तिच्याच वावरात."

गोऱ्ह्यामागून आलेल्या वत्सलाबाईचा चेहरा उतरला. आपण मातीतच बरे होतो, असं मला वाटलं.

"मोठ्या आत्या, असली बाजारात ढीगभर मिळत्यात," छाया म्हणाली. "आधी तुमचंच हाय का ते तर बघू."

शेजारचे निवृत्ती शिंपी बोलावले गेले. त्यांनी मला उन्हात फिरवून पाहिलं. "बाजारातल्याचे खळगे मशीनचे, एका ओळीत असत्यात. हे हातानं ठोकलेले. कडेला सांधा हाय. असा माल बंद होऊन लय वर्षं झाली. अन् सांधा बोटाखाली ठेवून घातलं, तर उजव्या हातानं शिवणाऱ्याच्या उलट्या अंगाला झिजलंय. डावखुऱ्याचं हाय हे."

गल्लीत डावखुरी एकच होती, चिमणाबाई. वस्तू तिचीच ठरली, तसे सगळे वत्सलाबाईकडे संशयाने पाहू लागले.

छाया मात्र वाफा आठवत होती. "याच्यासंग राख निघाली, बांगड्यांच्या काचा निघाल्या. म्हंजे हे उकिरड्याच्या खतातून आलं. मोठ्या आत्या, तवा तुमी शिवायला बसायच्या ती ओसरी कोण झाडायचं?"

"मीच. दुसऱ्या कुणाला केरसुणीला हात लावू देत नव्हते," चिमणाबाई ताठ्याने म्हणाली. मग हातातलं कुंकवाचं ताट तिने खाली ठेवलं. "वत्सला, मीच झाडून टाकलं गं. अन् आळ तुझ्यावर घातला."

वत्सलाबाईने पदराने डोळे पुसले. "आता पुरणपोळी मलाबी देता, का गोऱ्ह्यालाच?"

मित्रांनो, जमिनीत जुनी वस्तू सापडली तर लगेच चिंचेने घासून चकचकीत करू नका. ती कुठे होती, तिच्यासोबत काय होतं, हे लक्षात ठेवा. कुठे झिजली आहे तेही पाहा. आमचं वय आणि आमचा माणूस तिथेच सापडतो. आणि काही हरवलं, तर कुणाचं नाव घेण्याआधी घरचा केर एकदा चाळा.

हल्ली मी दोन्ही घरांत आळीपाळीने असतो. वत्सलाबाई उजव्या हाताने शिवते. माझी दुसरी बाजूही आता झिजू लागली आहे.