सत्तावीस नंबरचा कॅमेरा

ऋजुताने जॉयस्टिक डावीकडे ढकलली आणि सत्तावीस नंबरचा कॅमेरा मीठा तलावाच्या पायऱ्यांकडे वळला. भिंतभर पडद्यांवर देवास शहर दुपारच्या उन्हात सुस्तावलं होतं. शहरातल्या कॅमेऱ्यांवर नजर ठेवायच्या या खोलीत तिला दोन वर्षं झाली होती. गाड्यांचे नंबर, चौकातली कोंडी, हरवलेली मुलं हे तिचं रोजचं काम. आज मात्र ती आपल्या वडिलांना शोधत होती.

सकाळी धाकट्या भावाने, दीपेशने, गळच घातली होती.

"अण्णा रोज दुपारी कुठे जातात? विचारलं तर टाळतात. ताई, तू तो पूरे शहर को देखती है, एकदा बघ ना!"

अण्णा अगदी खालच्या पायरीवर उभे होते. तिने झूम केलं. त्यांच्या हातात आरतीचं तबक होतं आणि तबकात पाण्याने भरलेली वाटी. रामाच्या देवळात चाळीस वर्षं आरती करणारे अण्णा तलावाला ओवाळत होते. उजवा हात लटलट कापत होता. पाणी सांडलं की ते वाकून वाटी भरून घेत आणि पुन्हा सुरुवात करत. पाचव्यांदा सांडलं तेव्हा त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं. आसपास कोणी नाही असं पाहून उपरण्याने डोळे टिपले.

ऋजुताने झटकन हात मागे घेतला.

"क्या हुआ, कोई लफडा?" शिफ्टचे प्रमुख जगदेवराव मागून म्हणाले.

"नाही. माझे वडील आहेत."

"मग बघा की! सार्वजनिक जागा आहे, कोण अडवतंय?"

"त्यांना वाटतंय, तिथे कोणी नाही."

तिने कॅमेरा रस्त्याकडे फिरवला. मग टेबलावरचं रजिस्टर ओढलं. कॅमेरा कशासाठी फिरवला ते त्यात लिहायचा नियम होता, पण लिहीत कोणीच नसे. तिने वेळ टाकली, 'घरगुती कारण' असं लिहिलं आणि खाली सही केली.

"तुम्हालाच जाब विचारतील, मॅडम."

"विचारू देत."

जगदेवरावांनी ती ओळ वाचली. मग खिशातून पेन काढून त्यांनी खाली कालची तारीख घातली आणि आपलंही राहिलेलं कारण लिहायला घेतलं. काय, ते तिने पाहिलं नाही.

दीपेशचा फोन आला.

"दिसले?"

"दिसले. ठीक आहेत. बाकीचं त्यांना सांगावंसं वाटलं तर ते सांगतील."

संध्याकाळी अण्णा ओसरीवर वाती वळत बसले होते. ती समोर जाऊन बसली.

"अण्णा, आज मी तुम्हाला तलावावर पाहिलं. कॅमेऱ्यातून, तुम्हाला न विचारता. चुकलं माझं."

त्यांची बोटं थांबली.

"रोज बघतेस?"

"नाही, आजच. पाच वेळा पाणी सांडलं, तिथपर्यंत. मग कॅमेरा फिरवला."

"दीपेशला सांगितलंस?"

"नाही."

अण्णांनी हातातली वात खाली ठेवली.

"देवळातल्या लोकांना कळलं तर आरती दुसऱ्याला देतील. म्हणून तिथे जाऊन हात बसवतो."

"कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. पण डॉक्टरकडे जाऊ या. तुम्ही म्हणाल तेव्हा."

अण्णांनी वात पुन्हा उचलली. गल्लीतून कोणीतरी "भिया, जरा बाजूला!" म्हणत स्कूटर काढत होतं. तो आवाज दूर गेल्यावर त्यांनी विचारलं,

"सहाव्यांदा अख्खी आरती झाली. थेंब सांडला नाही. ते पाहिलंस?"

"नाही, अण्णा."

ते तिच्याकडे निरखून बघत राहिले. खरं बोलते आहे याची खात्री पटली असावी, कारण त्यांच्या खांद्यांतला ताण हळूहळू उतरला.

"मग उद्या सुट्टी घे," ते म्हणाले, "आणि तिथे येऊन बघ."