पोटासाठी मनाई

आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे जगात पुष्कळ असतात. दिग्रसच्या नजीर पेंटरनं मात्र तो धोंडा आधी गुळगुळीत घासला, त्याला निळी किनार काढली आणि टेंभीच्या तलावावर खांबाला ठोकून दिला.

महाराष्ट्र झाला त्याच्या दुसऱ्या वर्षीची ही गोष्ट. तलावात माशांचं नवं बी सोडलं होतं. म्हणून धंद्याची मासेमारी वर्षभर बंद ठेवायची आणि हौशी लोकांना तेवढी गळ टाकायची मोकळीक द्यायची, असं वरून ठरून आलं. खात्याच्या साहेबांनी नजीरला एक फळी दिली आणि मजकुराचा कागद दिला: 'उदरनिर्वाहार्थ मत्स्यव्यवसाय करण्यास सक्त मनाई असून केवळ हौसेखातर एका गळाने मासे धरण्यास परवानगी राहील.'

नजीर दुकानांच्या पाट्या रंगवायचा, जिनातल्या कापसाच्या गाठींवर मार्क टाकायचा. पण जीव त्याचा चित्रात. मजकुराचं मागून बघू म्हणून त्यानं आधी मासा काढला. मासाही असा, की त्याला पापण्या होत्या आणि ओठांवर हसू होतं. तो इतका झकास उतरत गेला की शेपटी आखडती घ्यायला नजीरचा हात धजेना. शेपटी संपली तेव्हा फळीही संपत आली होती. मग त्यानं शेजारच्या किराणावाल्याला विचारलं, "उदर म्हणजे काय हो?" तो म्हणाला, "पोट." निर्वाहाला तर जागाच नव्हती. उरलेल्या पट्टीत नजीरनं सुबक अक्षरात लिहिलं:

पोटासाठी मनाई. हौसेसाठी परवानगी.

साहेब माशाच्या पापण्या बघूनच खूश झाले. अक्षरांपर्यंत त्यांची नजर काही पोचली नाही.

ती पोचली लालसिंगची. लालसिंग जवळच्या तांड्यावरचा, तलावावर नवाच नेमलेला चौकीदार. नोकरी हंगामी होती, कायम व्हायची आशा होती. मोठेपणी रात्रीच्या शाळेत जाऊन तो अक्षर अक्षर जोडायला शिकला होता, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून काढलेली अशी ही पाटी त्याच्या आयुष्यातली पहिली. त्यामुळे तिच्यावर त्याची श्रद्धाच बसली. रोज सकाळी तो तिच्यावरची धूळ पुसायचा आणि एकदा मोठ्यानं वाचायचा. पाटीत नाही ते त्याच्या लेखी जगात नव्हतं.

आता पोटाचा माणूस कोणता आणि हौसेचा कोणता, हे ओळखायचं कसं? पाटी त्याबद्दल गप्प होती. लालसिंगनं आपली रीत काढली. गळ टाकून बसलेल्या माणसासमोर तो उकिडवा बसायचा आणि त्याच्या तोंडाकडे टक लावून बघायचा. जिनाचे मॅनेजर टोपी, खुर्ची आणि चहाची बाटली घेऊन आले, पाण्याकडे बघून हसले. पास. दिग्रसचा एक शिंपी कपाळाला आठ्या घालून बसला होता. लालसिंग त्याला म्हणाला, "उठ बाप्पा, तू पोटाचा दिसून राह्यला." बिचारा पोरीच्या लग्नाच्या काळजीत होता, पण ते पाटीला काय सांगणार?

हळूहळू लोक शहाणे झाले. तलावाची पाळ दिसली की तोंडावर हसू चढवायचे. कोणी कव्वाली म्हणत यायचा. दारव्ह्याची मंडळी तर हौसेचा पुरावा म्हणून ढोलकी आणि पेटी घेऊन आली. काठावर असा काही आनंदीआनंद माजला, की मासे घाबरून मध्यावर गेले आणि तिकडेच राहिले. कोणाच्याच गळाला काही लागेना. लालसिंग म्हणायचा, "नियम बराबर चालून राह्यला."

नजीर हे सगळं दुकानात रंगवून सांगायचा आणि हसून हसून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. पाटी कोणी लिहिली हेही सांगायचा, छाती फुगवून. मग सुग्राबीला सातवा लागला आणि त्याचं हसणं बंद झालं.

सुग्राबी म्हणजे त्याची बायको. याआधी दोनदा तिची कूस रिकामी झाली होती. या खेपेला दिवस पुढे सरकले, पण अन्न काही पोटात ठरेना. खिचडी दिली, ती उलटली. पेज दिली, तीही. बांगड्या मनगटावरून घसरून कोपराला लागू लागल्या. हकीमसाहेब नजीरला बाजूला घेऊन म्हणाले, "खाल्लं नाही तर याही खेपेला अवघड आहे." नजीर त्या दिवशी दुकानात ब्रश धरून नुसता बसून राहिला. आणि दुसऱ्या सकाळी सुग्राबी भिंतीकडे तोंड करून, घरातल्या आपल्या बोलीत पुटपुटली, "मेरेकू मरळ होना. टेंभी के तलाव की."

तिचे अब्बा टेंभीच्या तलावातली मरळ आणायचे. तो वास तिला इतक्या वर्षांनी आठवला होता. महिन्याभरात तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिलीच वस्तू. बाजारात तर सुक्या बोंबलाशिवाय काही नव्हतं. नजीरनं बांबूची काठी घेतली, दोरीला गळ आणि वर तरंगायला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधला, आमिषाला रंगाच्या रिकाम्या डब्यात दोन बेडक्या कोंबल्या आणि सायकल हाणली.

"काय पेंटर, काहून आला?" लालसिंगनं प्रेमानं विचारलं.

नजीर खरं बोलला. तिथंच फसला. "सुग्रासाठी, लालसिंगभाऊ. तिच्या पोटात काही राहूनच नाही राह्यलं. एक मरळ धरतो न् जातो."

लालसिंगचा चेहरा पडला. "म्हणजे पोटासाठी?"

"माह्या नाही, तिच्या पोटासाठी!"

"पोट कोणाचं ते पाटीत लिहेल नाही."

"अरे, ते पाटी मीच लिहिली! धंदा करू नका, असा मतलब आहे तिचा."

"मंग तसं कायले नाही लिहिलं?"

"जागा नव्हती. मासा मोठा झाला."

लालसिंगनं वळून पाटीवरच्या माशाकडे बराच वेळ बघितलं. "मासा त झकास आहे," तो म्हणाला, "पण मले मासा वाचता येत नाही. मी अक्षरं वाचतो." आणि मग खरोखरच कळवळून म्हणाला, "उद्या हौसेनं ये, पेंटर. मी एक शब्द बोलणार नाही."

दुसऱ्या दिवशी नजीर ईदचा कुर्ता घालून, अत्तर लावून, डोळ्यांत सुरमा घालून आला. गळ टाकला आणि दात काढून बसला. लालसिंग समोर उकिडवा. नजीरनं मनात एकेक विनोद आठवून पाहिला. पण प्रत्येक विनोद त्यानं कधी ना कधी सुग्राबीला सांगितलेला होता, आणि प्रत्येकाच्या शेवटी तिचं हसू आठवायचं, आणि मग तिचं आताचं तोंड.

"दात हसून राह्यले," लालसिंग म्हणाला, "डोये रडून राह्यले. उठ."

तिसऱ्या दिवशी नजीर आला तो सुरमा न घालता, नुसता हट्टानं. पेटी-ढोलकीवाले त्या दिवशी नव्हते, पाणी शांत होतं. हसून हसून त्याचे जबडे दुखायला लागले होते, तेवढ्यात ज्वारीचं धांडं गपकन पाण्याखाली गेलं. नजीरनं ओढलं. हातभर लांब काळी मरळ काठावर येऊन धडपडली! नजीरच्या तोंडून आरोळी निघाली. काठी फेकून तो लहान पोरासारखा नाचला.

"हे हौस!" लालसिंगही नाचला. "हे असली हौस! बेशक धर!"

नजीरनं मरळ ओल्या पोत्यात गुंडाळली आणि सायकलकडे धावला.

"कुठी चालला?"

"घरी."

"घरी काय करशीन तिचं?"

इथे एखादी थाप मारता आली असती. नजीरचं दैव आड आलं. "सुग्रा खाईन ना!"

लालसिंग मटकन खाली बसला. "म्हणजे शेवटी पोटातच जाईन ते."

"अन् जिनाचे मॅनेजर नेतात ते काय भिंतीवर टांगतात?"

"त्यायनं मले काही सांगितलं नाही. तू सांगितलं. आता मी कानाचं काय करू?" त्यानं जड मनानं पोतं हातात घेतलं. "हौसेनं धरला, पोटासाठी नेला. गुन्हा झाला, पेंटर. हा मुद्देमाल. सोमवारी साहेब येतीन, ते पाह्यतीन."

आणि मुद्देमाल त्यानं आपल्या झोपडीतल्या रांजणात सोडला. मरळ जातीची चिवट. ती रांजणात गोल गोल फिरू लागली. लालसिंगची बायको धुरपताबाई हे बघत होती. तिनं भाकरीचा तवा असा आपटला की रांजणातली मरळ दचकली.

नजीर रिकाम्या हातानं घरी आला. सुग्राबीनं मान वळवून बघितलं. त्यानं सगळं सांगितलं: पाटी, पोट, हौस, मुद्देमाल. सांगताना त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की त्यानं नजर वर केली नाही. आता ही रडेल, असं त्याला वाटलं.

"कितनी बडी?" सुग्राबीनं विचारलं.

नजीरनं हात पसरून दाखवलं. सुग्राबी उठून बसली. आठवडाभर कुशीही न बदललेली बाई भिंतीला धरून उभी राहिली. "टांगा बुलाव," ती म्हणाली.

टांगा झोपडीशी थांबला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. "अगं याडी!" धुरपताबाई आपल्या गोरबोलीत आईचा धावा करत पुढे आली आणि तिनं सुग्राबीला आधार देऊन खाटेवर बसवलं. सुग्राबीला धाप लागली होती. ती तशीच लालसिंगकडे वळली. नवऱ्याच्या वतीनं माफी मागताना चार माणसं बोलतात तेच ती बोलली.

"लालसिंगभाऊ, यायच्या हातून गुन्हा झाला असंन त पोटात घाला."

लालसिंग चमकला. तो पाटीच्या अक्षरांतून जग बघणारा माणूस. त्यानं सुग्राबीकडे बघितलं, मग रांजणाकडे. "गुन्हा पोटात घालू?"

"एवढा घालाच."

"माह्या पोटात कसा घालू, बाई? लोक म्हणतीन, लालसिंग चौकीदार खाते. माही नोकरी जाईन."

"तुह्या पोटात घाल म्हणून कोण म्हणते?" धुरपताबाई कडाडली. "गुन्हा त्यायच्या घरचा. त्यायच्याच पोटात घालन ना! आपला काशीराम पोटात होता तव्हा मी कवठ मागितलं, तुले तव्हाही नियम आठवला. डोहाळा अपुरा राह्यला, म्हणून पोराचा कान अजून वाहून राह्यला!"

लालसिंग पाटीकडे चालत गेला. अक्षरांवरून बोट फिरवत त्यानं ती एकदा वाचली, पुन्हा वाचली. मागची बाजूसुद्धा बघितली. मग परत आला तो ताठ मानेनं.

"मासा हौसेनं धरला, त्याले मी सोता साक्षी आहे," तो म्हणाला. "धरायची परवानगी आहे. राह्यला फक्त गुन्हा. अन् गुन्हा पोटात घालायले मनाई लिहेल नाही."

धुरपताबाईनं चूल केव्हाच पेटवली होती. कढईत तेल तडतडलं, लसूण पडला, लाल तिखट पडलं, आणि टेंभीच्या तलावाचा तो वास झोपडीभर झाला. नजीरनं श्वास धरला. याच वासानं सुग्राबीला पुन्हा उलटी झाली तर? तिच्यासमोर ताटली आली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा मोडून तिनं रशात बुडवला. एक घास, दुसरा घास. मग हात वेगानं चालू लागला. काटे तिनं ओळीनं ताटलीच्या कडेला लावले, रसा बोटानं निपटला, आणि डोळे मिटून बसली.

सगळे थांबले. टांगेवालाही घोड्याला चारा टाकता टाकता थांबला. लालसिंग तिच्यासमोर उकिडवा बसून टक लावून बघत होता. नजीरच्या मनात एकच गोष्ट होती: राहू दे, अल्ला, एवढं एक राहू दे.

सुग्राबीनं मोठी ढेकर दिली आणि लाजून पदर तोंडाला लावला.

"राह्यला?" लालसिंगनं हळूच विचारलं.

"राह्यला," ती म्हणाली. आणि पदराआडून, "आतमदीही कोणी लाथ मारून राह्यलं."

"मंग मिटला गुन्हा," लालसिंग म्हणाला आणि त्यानं मोठा सुस्कारा सोडला.

नजीर झोपडीबाहेर आला. त्याला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही आवरत नव्हतं. पाटीवरचा पापण्यांचा मासा संध्याकाळच्या उन्हात हसत होता. तेवढ्यात लालसिंग मागून आला, त्याचा खांदा धरून त्यानं त्याला वळवलं आणि त्याच्या तोंडाशी तोंड नेऊन नीट तपासलं. दात बघितले. डोळे बघितले.

"आता हौस दिसून राह्यली," तो म्हणाला. "आता काही शंका नाही. टाक पेंटर, गळ टाक. तुले परवानगी आहे."

नजीरनं मघाशी फेकलेली काठी उचलली, काठावर बसला आणि गळ लांब फेकला. आतून सुग्राबी धुरपताबाईला कसलं तरी कालवण विचारत होती, आणि दोघी हसत होत्या. लालसिंग त्याच्याशेजारी येऊन बसला. दोघं पाण्याकडे बघत राहिले. उरलेली बेडकी काठावरच्या डब्यातच होती. ती गळाला लावायची नजीर विसरला होता, आणि अंधार पडेपर्यंत ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.