दवाखान्यातलं बरोक छत

दातांच्या डॉक्टरांनी सासऱ्यांना एकच काम सांगितलं होतं. "बाबा, आम्ही चार दिवस बाहेर जातोय. दवाखान्याच्या छताला भेग पडलीय, तेवढी बुजवून टाका."

सासरे जुने गिलाव्याचे कारागीर. उभा जन्म नाटकगृहांची छतं सजवण्यात गेला. हल्ली सगळ्यांना सपाट छत लागतं, त्यामुळे ते घरीच बसून होते आणि हात नुसते शिवशिवत होते.

डॉक्टर परतले, दिवा लावला आणि आ वासून बघतच राहिले. छतभर वेली, शिंपले, फुगलेले ढग. ढगांतून डोकावणारी गुबगुबीत, पंखवाली पोरं. एकाच्या तोंडाला तुतारी, एकाचा तर गाल सुजलेला!

"बाबा, भेग बुजवायला सांगितली होती!"

"बुजवली की! त्या ढगाखाली आहे. पण एकटा ढग भुंडा दिसायला लागला, जावईबापू. म्हणून वेल काढली. मग वेलीला सोबत नको?"

"पण हे आहे तरी काय?"

"बरोक! युरोपातली जुनी नटवी शैली. शहाणा माणूस जिथे 'पुरे' म्हणतो, तिथून आपण सुरुवात करायची. एक रेघ सरळ ठेवायची नाही. बघणाऱ्याची मान दुखली तरी चालेल, नजर हलता कामा नये."

"पेशंट हसतील मला. उद्या संध्याकाळी खरवडून टाकू."

सासरे थापी पिशवीत टाकून निघून गेले.

सकाळी पहिल्याच आल्या टपाल कचेरीतल्या बाई. सुई दिसली की खुर्चीतून पळ काढण्याबद्दल प्रसिद्ध. आज मान मागे टेकली आणि तशाच राहिल्या.

"हा तुतारीवाला कोणावर चिडलाय हो?"

डॉक्टरांनी संधी साधली. सुई टोचली, दाढ काढली.

"झालं, बाई."

"इतक्यात? मग जरा पडू द्या. उजवा कोपरा बघायचा राहिलाय."

दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर डॉक्टर स्वतःच खुर्चीत आडवे झाले. उभ्याने जो नुसता पसारा वाटला होता, तो पडल्यापडल्या वर वर चढत होता. जणू छत उघडून आभाळच लागलं होतं. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"बाबा, खरवडायचं राहू द्या. चुकलं माझं. बाहेरच्या खोलीचंही छत कराल का?"

सासरे शिडीची घोडी खांद्यावर घेऊन लगोलग हजर! दारातच लेकीने अडवलं.

"दवाखान्यात काय वाटेल ते करा. माझ्या स्वयंपाकघरात एक पाकळी दिसली, तर बघा!"

"बरं बाई," म्हणत ते घोडीवर चढलेसुद्धा.