मेव्हण्याविरुद्धची साक्ष

दुबईत अल कुसैसमधल्या एका फ्लॅटमध्ये आठवडाभर जेवणं मुकाट्यानं होत होती. कारण होतं शार्दूल, प्रमिलाचा धाकटा भाऊ.

मे महिन्यात तिचा नवरा शैलेंद्र सुट्टीवर गावी गेला होता. फौजदार मेव्हण्याच्या जीपमधून बाजारात निघाला असताना समोरून रिक्षा आली. जीपच उलट्या दिशेनं चालली होती. रिक्षावाला रामेश्वर एवढंच म्हणाला, "साहेब, हा वन-वे आहे." शार्दूलनं उतरून त्याला चारचौघांत असं बडवलं, की त्याच्या कानाचा पडदा फाटला. वर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हाही त्याच्यावरच दाखल केला. शैलेंद्र जीपमध्ये बसून राहिला.

आता रामेश्वरनं पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्राधिकरणाकडे दाद मागितली होती. बाजारातले दुकानदार गप्प बसले. व्हिडिओ कॉलवर साक्ष द्याल का, अशी ईमेल शैलेंद्रला आली. पाठोपाठ शार्दूलचा फोनही आला. "दाजी, मोबाइल बघत होतो, काही दिसलं नाही म्हणा. विषय संपला."

प्रमिलाचंही तेच. "अहो, त्याची नोकरी जाईल. आईला काय तोंड दाखवू?"

शैलेंद्रनं मान डोलावली, पण ईमेलला नकार काही कळवला नाही.

शेजारच्या फ्लॅटमध्ये बाबाजी आले होते, लेकाकडे, व्हिजिट व्हिसावर. निवृत्त हवालदार. पोलिसातला माणूस पोलिसाचीच बाजू घेईल, म्हणून प्रमिलानं त्यांना मुद्दाम चहाला बोलावलं.

"काका, वर्दीतल्या माणसाला किती टेन्शन असतं, तुम्हीच सांगा यांना."

बाबाजींनी सगळं ऐकून घेतलं. "टेन्शन असतं, पोरी. हात उचलला तो रागाच्या भरात, असं म्हणू. पण खोटा गुन्हा लिहायला डोकं शांत लागतं."

प्रमिलानं बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

"पोलीस मारतात म्हटलं, की लोक ठाण्यात यायचे थांबतात," ते पुढे म्हणाले. "चोरी सांगत नाहीत, पोरीची छेड काढली तरी सांगत नाहीत. मग तपास करायचा कुणाच्या भरवशावर? असा एक फौजदार सगळं ठाणं आंधळं करतो."

"पण काका, तो माझा भाऊ आहे."

"म्हणूनच आत्ता अडवा. उद्या त्याच्या हातून कुणी मेलं, तर त्याला कोण वाचवणार?"

प्रमिला उठून आत गेली. साक्षीच्या दिवशी सकाळी तिनं शैलेंद्रचा शर्ट इस्त्री करून पुढे ठेवला. "खरं तेच सांगा. मी शेजारी बसते."

कॉलवर शैलेंद्र म्हणाला, "मी सगळं पाहिलं. जीपच उलट्या दिशेनं होती. आणि मारताना मी अडवलं नाही, हेही लिहून घ्या."

रामेश्वरवरचा गुन्हा मागे घेतला गेला. शार्दूल निलंबित झाला. माहेरानं प्रमिलाशी बोलणं टाकलं. ती मात्र दर रविवारी भावाला फोन करत राहिली. कित्येक महिन्यांनी त्यानं तो उचलला.

"ताई, रामेश्वरकडे गेलो होतो. माफी मागायला. त्यानं दारातूनच परत पाठवलं."

"पुन्हा जा," प्रमिला म्हणाली.

मंडळी, आपलं माणूस वर्दीत असलं, तर त्याला सांभाळणं आपलंही काम आहे. पण सांभाळणं म्हणजे झाकणं नव्हे. पोलिसांना जाब विचारणारे कायदे कितीही असोत, पाहणारा बोलला तरच ते कामी येतात. तेव्हा पाहिलंत, तर सांगा.