यज्ञेश्वरपंतांचा अंदाज

"तलाव रद्द करून रस्त्याचं काम काढलं, तर बोंब कोन मारंल?" सभापती रंगनाथरावांनी विचारलं.

यज्ञेश्वरपंतांनी सुपारी कातरली. जामखेडच्या पंचायत समितीत कारकुनी करता करता त्यांना माणसांचा वीट आला होता आणि सभापतींना त्यांचा तो वीटच कामाला यायचा.

"खालच्या आळीचा भिमाजी मारील. त्याला रस्त्यावर मुकादम करा, तोंड बंद. वरच्या आळीच्या जमिनी बुडायच्या वाचतील, तुमच्या मेव्हण्यांची बागही. ते तुम्हाला हार घालतील. खालच्या आळीच्या विहिरी कोरड्या राहतील, पण ते एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतील."

"आन् मजूर?"

"दुष्काळात मजुराला कसलं मत? मजुरी जिथं, तिथं येतील."

सगळं तसंच झालं. भिमाजीने दोन सभा गाजवल्या आणि तिसरीला मुकादमाची शिट्टी गळ्यात घालून आला. खालची आळी गप्प बसली. पंतांना त्यांची कीव आली नाही, किळस आली. इतकी स्वस्त माणसं! आपला अंदाज एकदा तरी चुकावा असं त्यांना वाटायचं, पण लोक तेवढीही अब्रू राखत नव्हते.

रस्ता सुरू झाल्यावर सभापतींनी त्यांना पाहणीला धाडलं. माळावर बायका ओळीने खडी फोडत बसल्या होत्या. तलावाच्या खोदाईत सगळ्यांच्या पुढे असणारी लंकाबाईही त्यांत होती. तिथे खड्ड्यात निदान पाण्याचा झिरा तरी होता. इथे नुसता फुफाटा होता.

"पंत, आमी हितं येनार हे तुमाला आदीच ठावं हुतं म्हनं. भिमाजी सांगत हुता."

"होतं."

"मंग प्यायच्या पान्याचा एक रांजन ठिवायचा हुता."

वरची आळी, खालची आळी, भिमाजी, सगळ्यांचा विचार पंतांनी केला होता. या बायांना तहान लागेल, हे मात्र त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पिशवीतला फिरकीचा तांब्या काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. ती घेईल, याबद्दल त्यांना तिळभरही शंका नव्हती.

लंकाबाईने तांब्याकडे पाहिलं. कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि पुढचा दगड जवळ ओढून त्यावर हातोडा घातला.

पंत तांब्या धरून तसेच उन्हात उभे राहिले.