ट्रकातली कापडं

बालाजीला लग्नानंतर दहा वर्षांनी लेक झाली आणि तिचं बारसं झालं, ते दोन हजार चोवीस साल. बारशाच्या दुसऱ्याच दिवशी त्याची बहीण राजकन्या जुन्या किल्लारीच्या पडक्या भिंतींपाशी उभी राहून कोणत्या पोरीने कोणता कोट घालायचा ते सांगत होती.

राजकन्या स्टायलिस्ट. मासिकांत, जाहिरातींत कुणी काय नेसायचं, कशावर काय घालायचं, हे ठरवणं तिचं काम. एका मासिकाने मुलाखतीत विचारलं, ही नजर आली कुठून? तिने खरं ते सांगितलं. भूकंप झाला तेव्हा ती सात वर्षांची, रेणापूरला मामाकडे होती. पंधरा दिवसांनी परतली तर पत्र्याच्या शेडांत सगळा गाव रंगीबेरंगी. शहरांतून मदतीचे ट्रक आलेले. कुणी लुगड्यावर पुरुषाचा कोट चढवलेला, कुणी धोतरावर बाईचा स्वेटर, एका म्हातारीच्या डोक्यावर टिकल्यांची ओढणी. ढिगातून ज्याचं त्याला निवडून देत होती तिची माय, यशोदाबाई. माझी पहिली शाळा तीच, असं राजकन्या म्हणाली. मासिकवाल्यांना ते इतकं आवडलं, की तसेच कपडे घालून तिथंच फोटो काढायचं ठरलं.

मायला तिने हौसेने सोबत आणलं होतं. मायचं नाव छापून यावं, एवढंच तिच्या मनात होतं.

यशोदाबाई खुर्चीवर बसून बघत होती. तीन उंच पोरी लुगडं-कोटात उभ्या. फोटोवाल्याने मूठभर माती उचलून एकीच्या गालाला चोळली आणि लांबूनच विचारलं, "मावशी, असंच दिसायचं ना तेव्हा?"

यशोदाबाई उठली. त्या पोरीजवळ गेली आणि पदराने तिचं तोंड खसाखसा पुसलं.

"कोणाची सोंगं करायलात रे तुम्ही?"

राजकन्या धावली. लोक तुझा मान करायला आलेत, तू केलंस तेच दाखवतोय, असं समजावू लागली.

"मी काय केलं, तुला काय ठाव?" यशोदाबाई म्हणाली. "एवढे ट्रक आले. त्यातली चांगली कापडं कुठं गेली, इचारलंस कधी?"

राजकन्याने नाही अशी मान हलवली.

"ढिगाऱ्याखालून रोज माणसं निघत होती. मेलेल्याला नवं कापड लागतं. गावात दुकान कुठं उरलं होतं? धड कापड हाती लागलं, की मी बाजूला ठेवायची. चांगलं ते मेलेल्याला गेलं. उरलं ते जित्याच्या अंगावर. तुला लई नवलाचं वाटलं न्हवं, ते उरलेलं हाय, पोरी." मग ती हळूच म्हणाली, "तुझ्या बापाला बाईच्या शालूत गुंडाळून दिला. गडी माणूस. लोक बघतेत म्हणून वरून चादर टाकली."

हे राजकन्याला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तेवढ्यात कॅमेऱ्याचा आवाज तिच्या कानावर आला. फोटोवाला मायच्या चेहऱ्याचे फोटो काढत होता.

तिने भिंगावर तळहात दाबला. "पुसा. माझ्यासमोर."

तो म्हणाला, गोष्ट तुम्हीच विकलीत, आता रागवता कशाला? तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दिली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. सगळे फोटो पुसेपर्यंत ती त्याच्या डोक्यावर उभी राहिली. मग तिने पोरींच्या अंगावरचे कोट उतरवले आणि गाडीत फेकले. माय तोवर एकटीच फाट्याकडे निघाली होती. तिने हाक मारली, पण मायने मागे पाहिलं नाही.

महिन्याभराने मासिकातून फोन आला. फोटो राहू द्या, निदान मुलाखत तरी छापू, प्रेरणेचा प्रश्न ठेवलाय, उत्तर तेच ठेवायचं का? राजकन्या म्हणाली, नाही, आता सांगते तेवढंच छापा. पलीकडच्या मुलीने आणखी काही आहे का विचारलं. राजकन्याने फोन ठेवला. मुलीने लिहून घेतलं होतं ते एवढंच:

माझे वडील देविदास तीस सप्टेंबर एकोणीसशे त्र्याण्णवच्या पहाटे किल्लारीत आमच्या घराखाली वारले. चौथ्या दिवशी सापडले.